किम मान-शिक यांच्यासाठी वाढलेलं ताट

आमच्या अंबरनाथच्या घराला वर एक खोली होती आणि तिथे जायला बाहेरून लोखंडी जिना होता. त्या जिन्यावर कोण चढतंय हे आईला स्वयंपाकघरात बसून कळायचं. बाबा सावकाश चढत, मी धडाधड. मी कॉलेजात जाऊ लागले त्या वर्षी या जिन्यावर दोन नवी पावलं वाजू लागली. एक पाऊल प्रत्येक पायरीवर सारखंच पडायचं. दुसरं दोन-दोन पायऱ्या एकदम घ्यायचं, पण पहिलं मागून येत असेल तर तेही शहाण्यासारखं एकेक पायरी चढायचं. आई म्हणायची, "हा धाकटा त्या मोठ्याला घाबरतो." ती हे दोघांची तोंडं नीट ओळखीची होण्याआधीच म्हणाली होती.

बाबा ज्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते, तिथे जपानहून एक मोठं यंत्र आलं होतं. ते उभं करून चालू करून द्यायला दोन माणसं सोबत आली. कारखान्याच्या गेस्ट हाउसचं छत अजून व्हायचं होतं आणि कॅन्टीनचं जेवण त्यांच्या पोटाला मानवेना, म्हणून मॅनेजरांनी बाबांना विचारलं. आमच्याकडे अंडी-मासे चालत, वरची खोली रिकामी होती आणि घरात इंग्रजी बोलणारी मुलगी होती. म्हणजे मी. माझं इंग्रजी उल्हासनगरच्या कॉन्व्हेंटमधलं, व्याकरणाने कडक, आणि त्या दोघांचं इंग्रजी तुकड्यातुकड्यांचं. तरी पंधरवड्यात आम्हाला एकमेकांचं कळू लागलं. या गोष्टीत ते जे जे बोलतात ते मी सलग मराठीत लिहिते आहे. खरं तर त्यातलं प्रत्येक वाक्य हातवारे, चित्रं आणि "नो, नो" यांतून पार पडून आलेलं होतं, हे ध्यानात ठेवा.

मोठ्यांचं नाव तानाबे. चाळिशी उलटलेले, केस बारीक कापलेले, चपला काढल्या की त्या दाराकडे तोंड करून जुळवून ठेवणारे. धाकटा कानेदा. तिशीच्या आतला, रुंद खांद्यांचा, हसला की डोळे पार मिटणारा. आमच्या आळीने आठवड्यात त्यांची नावं आपल्या सोयीने करून घेतली. तानाबेंचे तांबे झाले आणि कानेदाचा कानडे. पोस्टमनसुद्धा विचारायचा, "तांबे साहेब आहेत का वर?" मी हे समजावून सांगितलं तेव्हा तानाबे नुसते मान लववून हसले. कानेदा मात्र पोट धरधरून हसला आणि म्हणाला, "चांगलं झालं. अजून एक नाव." त्या "अजून एक"चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

आईने पहिल्या दिवशी पाहुण्यांसाठी महागातला लांब दाण्याचा मोकळा भात केला. दोघांनी चमच्याने त्याचा पाठलाग केला आणि अर्धा ताटाबाहेर सांडला. आई ओशाळली. दुसऱ्या दिवशी तिने नाइलाजाने आमचा रोजचा भात वाढला, तिच्या माहेराहून चामटोलीहून मामा पाठवायचा तो जाडा, किंचित लालसर, चिकट होणारा. तानाबेंनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. आईला वाटलं खडा लागला. ते म्हणाले, "हा भात आहे." म्हणजे कालचा नव्हता. तेव्हापासून मामाच्या पोत्याला घरात मान आला. तानाबे भात, अंडं आणि मिठातला मुळा एवढ्यावर खूश असत, मिरचीच्या वासानेच त्यांच्या कपाळावर घाम यायचा. कानेदाही त्यांच्यासमोर तेच खायचा. पण तानाबे मॅनेजरांकडे जेवायला गेले की हा जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरून थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि फळीवरच्या बरणीकडे बोट दाखवायचा. तिच्यात सुकटीची चटणी असायची, लसूण आणि लाल मिरची घालून पाट्यावर वाटलेली. ती तो भातात कालवून असा खायचा की आई स्वतःचं जेवण विसरून बघत बसे.

"शकू, याला विचार," आई एकदा मला म्हणाली, "मोठ्यासमोर लसूण का नाही खात?"

मी विचारलं. कानेदाचा हात ताटात थांबला. मग तो म्हणाला की जपानमध्ये लसणाचा वास चांगला समजत नाहीत. शाळेत त्याच्या शेजारी मुलं नाक धरून बसायची. मी हे आईला सांगितलं. तिने बरणी उचलून त्याच्या ताटाशी ठेवली आणि स्वतः चुलीकडे तोंड करून भाकरी थापू लागली. थोड्या वेळाने पाठमोरीच मला म्हणाली, "आमच्याही डब्याकडे बघून नाकं धरायचे. त्याला सांग, पोटभर खा." आमच्या घराने धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी पाळण्यातून नुकती बाहेर आले होते, त्यामुळे आईच्या लहानपणातलं बरंच मला अशाच पाठमोऱ्या वाक्यांतून कळलं आहे.

त्या संध्याकाळी, बरणी रिकामी होत आल्यावर, त्याने आम्हाला सांगितलं. तो जपानी नव्हता. जन्म ओसाकाचा, शाळा तिथली, भाषा तीच, पण आईवडील कोरियाचे. वडिलांना महायुद्धाच्या आधी कोळशाच्या खाणीत कामाला नेलं होतं, नंतर ते शहरात भंगार गोळा करून विकत. कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हा तिथल्या लोकांना जपानी नावं घ्यायला लावली होती. राज्य गेलं, पण जपानमध्ये राहिलेल्यांना त्या नावांशिवाय नोकरी मिळत नव्हती. त्याचं खरं नाव किम सोंग-हो. कानेदा हे नाव दारावरच्या पाटीसाठी आणि कामासाठी. कंपनीला माहीत नव्हतं, तानाबेंना माहीत नव्हतं. या कामावरून परतल्यावर तानाबे जे कळवतील त्यावर त्याला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं.

आणि आता अडचण अशी होती की त्याचे वडील आदल्या वर्षी गेले होते आणि पहिली तिथी जवळ आली होती. तो थोरला मुलगा. वडिलांपुढे ताट वाढून, त्यांचं नाव घेऊन, दोनदा पालथं होऊन नमस्कार करायचा, हे त्याच्याशिवाय कोणी करू शकत नव्हतं. वरच्या खोलीत तानाबे असताना ते कसं करणार? तुमच्या घरात एका भिंतीपाशी जागा द्याल का, असं त्याने आईला विचारलं. विचारताना तो गुडघ्यांवर बसला होता.

आईने लगेच होकार दिला नाही. दीक्षेच्या वेळी तिने आणि बाबांनी ज्या प्रतिज्ञा घेतल्या होत्या त्यात श्राद्ध करणार नाही ही एक होती, आणि आमच्या घरात प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा. माझी आजी वारली तेव्हा चुलत नातेवाइकांनी पान वाढा, कावळ्याला घास ठेवा म्हणून किती गळ घातली होती, आणि बाबा हललेसुद्धा नव्हते. आता त्याच घरात परक्या माणसाच्या बापासाठी ताट? बाबा घरी आल्यावर त्यांनी सगळं ऐकलं आणि बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. "मी नाही करत ते एक, आणि दुसऱ्याला करू देत नाही ते एक," ते शेवटी म्हणाले. "विधी त्याचा आहे. आपण जागा देतोय. पण दारू नाही." कारण त्या विधीत वडिलांना दारूचा पेला लागतो असं किम म्हणाला होता. त्यावर आईने नारळाचं पाणी सुचवलं आणि किमने ते मान्य केलं. तानाबेंना कळू द्यायचं नाही हेही ठरलं. तिथीच्या संध्याकाळी मॅनेजरांच्या घरी त्यांना जेवायला बोलावतील अशी व्यवस्था बाबा करणार होते.

इथे जरा थांबून सांगते. तन्वी, मागच्या महिन्यात तू आजीला फोनवर विचारलंस की तुझ्या हॉस्टेलमधली कोरियन मुलगी आणि जपानी मुलगी आजोबा-पणजोबांच्या काळातल्या गोष्टीवरून अबोला धरून का बसल्या आहेत, त्या तर दोघी त्यानंतर किती वर्षांनी जन्मल्या. मी तेव्हा "हो गं, कठीण असतं" एवढंच म्हणाले, कारण तुला वर्गाला पळायचं होतं. बदलापूरला आमच्या शिरगावच्या सोसायटीखालच्या दुकानात आता कोरियन नूडल्स मिळतात, लाल पाकिटातल्या. शाळेतली पोरं त्या खाऊन हाश्‌हुश् करत असतात, आणि तिखट-लसणाचा वास जिन्यात आला की मला कुणालातरी थांबवून ही गोष्ट सांगावीशी वाटते. कोणाला वेळ नसतो, म्हणून लिहिते आहे.

तिथीच्या आधीच्या रविवारी विहारात कार्यक्रम होता. जपान म्हणजे बुद्धाचा देश, तिथले दोन बंधू आपल्या वस्तीत राहतात आणि आपण त्यांचा साधा सत्कार करू नये, हे आमच्या विहाराच्या कमिटीच्या फार मनाला लागलं होतं. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे दामूअण्णा, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, खणखणीत आवाजाचे. ते दोनदा घरी येऊन गेले. तानाबेंनी मला हळूच सांगितलं की त्यांना बुद्धाविषयी फारसं काही येत नाही, घरी फक्त कोणी वारलं की भिक्खू बोलावतात. मी ते दामूअण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "विनय आहे हा. बौद्ध माणूस असंच बोलणार." मग इलाज राहिला नाही.

विहार म्हणजे तेव्हा पत्र्याचं छप्पर आणि सारवलेली जमीन. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, पोरं पुढे. दोघांना पांढऱ्या चादरीच्या खुर्च्यांवर बसवलं, हार घातले, मेणबत्त्या लावून झाल्या. किमला मेणबत्ती नीट लावता येईना, वारा होता, तर तानाबेंनी आपल्या तळव्याचा आडोसा केला. ते मला अजून दिसतं. मग दामूअण्णा माइकवर आले. आता पाहुणे आपला परिचय देतील, ते म्हणाले, आणि आपल्याकडच्या रीतीने देतील. पूर्ण नाव. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. "शकू, सांग त्यांना. बापाच्या नावाशिवाय माणूस पुरा होत नाही."

मी सांगितलं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत वडिलांचं नाव मध्ये असतंच, त्यात विशेष काय आहे हे मला त्या क्षणापर्यंत कधी जाणवलं नव्हतं. तानाबे उठले, वाकले, आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. टाळ्या झाल्या. मग किम उठला. त्याने माइक हातात घेतला आणि गप्प राहिला. वडिलांचंही एक जपानी नाव होतं, कागदावरचं. ते सांगून खाली बसला असता तर कोणाला काहीच कळलं नसतं. मी त्याच्या बाजूला उभी होते आणि मनात म्हणत होते, तेच सांग, तेच सांग. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या वडिलांचं नाव किम मान-शिक. मी किम सोंग-हो."

दामूअण्णांनी माइक परत घेतला आणि छप्पर हलेल अशा आवाजात म्हणाले, "किम मान-शिक यांचे चिरंजीव!" लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा जास्त, कारण हे नाव उच्चारायला सोपं होतं. त्या सगळ्या टाळ्यांमध्ये काय झालं हे किमखेरीज फक्त आम्हा घरच्या तिघांना आणि खुर्चीतल्या एका माणसाला कळलं होतं. तानाबेंनी दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले होते. ते समोर मूर्तीकडे बघत राहिले. नंतर खिरीची वाटी हातात दिली तेव्हा त्यांनी ती संपवली, वाकून नमस्कार केला आणि घरापर्यंत आमच्यापुढे चार पावलं चालत राहिले.

पुढचे दिवस वाईट गेले. जिन्यावर आता दोघं कधी एकत्र वाजले नाहीत. जेवायला वेगवेगळ्या वेळी येत. कारखान्यात त्यांची एक पद्धत होती, बाबा आम्हाला नेहमी कौतुकाने सांगायचे: यंत्रावरच्या काट्याकडे बोट दाखवून एकाने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याचं नाव घ्यायचं, मग दुसऱ्याने तोच आकडा परत म्हणायचा, म्हणजे चूक राहत नाही. आता तानाबे बोट दाखवत, आकडा म्हणत आणि नावाच्या जागी गप्प बसत. कानेदा म्हणवत नव्हतं आणि किम तोंडातून येत नव्हतं. बाबा म्हणाले, एवढं मोठं यंत्र सुरू व्हायला आलंय आणि त्यात एका शब्दाची जागा रिकामी राहतेय. किम आमच्याकडे येऊन बसे पण जेवत नसे. आईने विचारलं, घाबरलास का. तो म्हणाला, नोकरीची भीती आहेच, पण तानाबेंनी त्याला हे काम हाताला धरून शिकवलं होतं. ओसाकात त्याच्या धाकट्या बहिणीच्या आजारपणात स्वतःची रजा त्याला दिली होती. "त्यांनी ते सगळं कानेदासाठी केलं," तो म्हणाला. "किमसाठी केलं असतं का, ते मला माहीत नाही. आणि आता कळणार."

तिथीच्या आदल्या संध्याकाळी तानाबे खाली आले. बाबा ओट्यावर बसले होते. तानाबेंनी चपला जुळवून ठेवल्या आणि मला बोलावलं, म्हणाले की नीट भाषांतर कर, चुकू नकोस. मग त्यांनी जे सांगितलं ते मी एकेक वाक्य करून बाबांना सांगत गेले. त्यांचा स्वतःचा जन्म कोरियातला होता. वडील तिथल्या एका छोट्या गावी सरकारी कचेरीत कारकून होते. नावं बदलायचा हुकूम निघाला तेव्हा कचेरीपुढे लोकांची रांग लागायची, आणि वडिलांना लिहिताना हात भरून यायचा म्हणून शाळेतून आल्यावर शाई घोटायचं काम यांच्याकडे होतं. दहा वर्षांचं पोर. रांगेत रोजच्या ओळखीची माणसं असायची, दूधवाला, यांना पाठीवर बांधून वाढवणारी बाई. त्या बाईचं नवं नाव वडिलांनीच सुचवलं होतं, आणि चांगलं सुचवलं म्हणून घरी कौतुक झालं होतं. लढाई संपली तेव्हा यांना एका गाठोड्यासह तिथून निघावं लागलं. जपानमध्ये नातेवाइकांनी बाहेरून आलेले म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं. "मी इतकी वर्षं स्वतःच्याच दुःखाचा हिशोब करत होतो," ते म्हणाले. "आमचं घर गेलं, आमचं सामान गेलं. ती शाई मला विहारात आठवली."

बाबा म्हणाले, "यांना सांग, माझ्या धाकट्या भावाने आडनाव बदललंय. मुंबईत त्याला आमच्या आडनावावर कोणी खोली देईना. मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. मला वाटलं, त्याने लाज धरली. पुढे कळलं की आडनाव खोली न देणाऱ्यांनी बदललं होतं, त्याने फक्त सही केली." मी सांगितलं. तानाबेंनी दोनदा मान हलवली. कंपनीला मी कामाबद्दलच लिहीन, ते म्हणाले, आणि काम उत्तम आहे. आईने आतून विचारलं, "ते झालं कंपनीचं. त्या पोराला काय सांगणार?" हे मी भाषांतर करू की नको अशी घुटमळले, पण तानाबेंनी आवाजावरूनच ओळखलं की हे त्यांच्यासाठी आहे. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मला माहीत नाही." मग बाबांनी त्यांना उद्याच्या तिथीचं सांगून टाकलं. गुपित तसंही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि किम उल्हासनगरला सामान आणायला गेलो. आमचा नेहमीचा दुकानदार म्हणजे लछमनकाका, सिंधहून आलेले, जगातली कुठलीही वस्तू आपल्याकडे आहे किंवा उद्या येईल असं मानणारे. नासपती, खजूर, अक्रोड, सुका मासा अशी किमची मागणी ऐकून ते मला म्हणाले, "बेटा, ये शादी है के मय्यत?" मी म्हटलं, वडिलांची बरसी. त्यांनी किमकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, टोपलीतल्या नासपती परत ओतल्या आणि आतून चांगल्या काढून आणल्या. घरी आल्यावर आईची आणि किमची खडाजंगी झाली. आईने मासा साफ करून लसूण सोलायला घेतला, तर किम म्हणाला, लसूण नको, लाल मिरचीही नको. गेलेल्या माणसाच्या ताटात ते चालत नाही.

"बापाला लसूण आवडायचा म्हणालास ना?"

"फार आवडायचा."

"मग त्याच्याच ताटात नाही? जिवंतपणी लोकांनी खाऊ दिला नाही आणि मेल्यावर तू देत नाहीस."

मी हे सांगितल्यावर किम त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला. पण नियम म्हणजे नियम. आईने नाक मुरडत मासा नुसत्या मिठात भाजला.

खरं तर हा विधी मध्यरात्रीनंतर करतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात पाळी होती म्हणून त्याने दिवेलागणीची वेळ धरली. पुढच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीशी चौरंग मांडला. मामाच्या जाड्या तांदळाचा भात, मासा, फळं, पेल्यात नारळाचं पाणी, आणि मागे वडिलांचा पाकिटातला फोटो, इतका लहान की आईने तो पितळी डब्याला टेकवून उभा केला. गेलेल्याला आत यायला दार उघडं ठेवतात, म्हणून दार सताड उघडं होतं. आणि त्या दारातून आम्हाला फाटकाशी तानाबे दिसले. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात कागदात बांधलेली फळं. आत येत नव्हते.

किम बाहेर गेला. दोघं जपानीत बोलले, फार थोडं. मी उठले तर बाबांनी मला हाताने खाली बसवलं. किम परत आला. मला म्हणाला, ते वडिलांना नमस्कार करू का असं विचारत होते. "मी नाही म्हटलं. नाही करू देऊ शकत. माझे वडील असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही, आणि त्यांना विचारता येत नाही." मग तो म्हणाला, "पण नंतरचं जेवण सगळ्यांचं असतं. त्या जेवणाला या म्हटलंय."

तानाबे तसेच फाटकाशी उभे राहिले. किमने भातात चमचा उभा रोवला, पेला तीनदा फिरवला, आणि जमिनीला कपाळ टेकवून दोनदा नमस्कार केला. दुसऱ्या वेळी तो लवकर उठला नाही. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, बाबा ताठ बसले होते, हात जोडलेले नव्हते पण नजर खाली होती. आळीत कोणाचातरी पंपाचा स्टोव्ह फरफरत होता. सगळं झाल्यावर किमने फोटो पाकिटात ठेवला आणि दाराकडे बघून मान हलवली.

आम्ही भिंतीकडेने बसलो. किमने चौरंगावरचं सगळं स्वतःच्या हाताने वाढलं, आईला, बाबांना, मला, आणि शेवटी तानाबेंना, माशाचा मधला तुकडा. तानाबेंनी ताटाला हात लावला नाही. ते पाठ सरळ करून बसले आणि एक वाक्य म्हणाले. ते जपानी नव्हतं हे मलासुद्धा कळलं, चढ-उतार वेगळे होते. किम त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला समजलं नव्हतं. ओसाकात वाढलेला मुलगा, घरी मोठी माणसं दोन शब्द बोलत तेवढेच त्याला येत. तानाबेंना ते उमगलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले, त्यांनी मान खाली घातली आणि तेच जपानीत सांगितलं. किमने मला इंग्रजीत सांगितलं: तुमच्या वडिलांनी फार सोसलं.

मला वाटलं आता तो उठून जाईल. त्याच्या वडिलांची भाषा त्याच्याकडे नव्हती आणि ती या माणसाकडे होती, ज्या बाईने पाठीवर बांधून वाढवलं तिच्याकडून आलेली. मग किम ताट बाजूला न सारता, तानाबेंकडे सरळ बघून म्हणाला, ते वाक्य मला शिकवा; हे त्याने मला नंतर सांगितलं. तानाबेंनी विचारलं, आत्ता? तो म्हणाला, आत्ता. सावकाश म्हणा.

तानाबेंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, एकेक शब्द सुटा करून. किमने त्यांच्यामागून म्हटलं. एक शब्द चुकला, तानाबेंनी घाबरत घाबरत सुधारला, त्याने तो पुन्हा घेतला. वडिलांनी. फार. सोसलं. असं पुष्कळ वेळ चाललं. आमचे उष्टे हात ताटावर तसेच वाळले, पण आमच्यापैकी कोणी उठलं नाही.